प्रभावतीबायने रद्द केलेले जॉब

मी एक जुना टर्मिनल आहे. मित्रांनो, डिचोलीच्या तुमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटाच्या वरच्या फळीवर मी पडून असतो. तुमच्यातले काही जण मला जुना टीव्ही समजतात. कुणी हात वर करून माझी बटणे दाबतो आणि काहीच उजळले नाही की हिरमुसून निघून जातो. त्याचा मला राग येत नाही. मी फार थकलो आहे. पण आज तुम्ही मला खाली उतरवून पुसले आहे, तर थोडे बोलतो.

माझा जन्म बंगळूरजवळच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात बसून मी ट्रकने घाट उतरलो. डिचोली तालुक्यातल्या एका खाणकंपनीने नवे कॉम्प्युटर घेतले होते. तीन मोठी यंत्रे तारांनी एकमेकांना जोडून थंडगार खोलीत ठेवली होती. एकावर भार पडला की दुसरे तो वाटून घेई. गणिते ती करत. मी त्यांचे फक्त तोंड आणि कान. लोक माझ्यावर टंकत आणि यंत्रांचे उत्तर माझ्या काचेवर हिरव्या अक्षरांत उमटे.

मोठे गणित यंत्राकडे पाठवले की त्याला सगळे 'जॉब' म्हणत. प्रत्येक जॉबला नंबर मिळे आणि तो रांगेत उभा राही. यंत्र मोकळे झाले की पुढचा जॉब आत जाई. पाठवलेला जॉब नकोसा झाला तर तो रद्द करायची एक कमांड होती. ती टंकून पुढे नंबर दिला की तेवढा एक जॉब नाहीसा होई. नंबराऐवजी माणसाचे नाव दिले, तर त्या नावाचे सगळेच जॉब एका दमात नाहीसे होत. चालू असलेला जॉब उडवला, तर तोवरची सारी मेहनत पाण्यात जाई.

दुसऱ्याचे जॉब रद्द करायचा अधिकार त्या खोलीत एकाच माणसाकडे होता. ती होती प्रभावती. पेडण्याकडच्या कोरगावची ही मुलगी दोन बस बदलून कामावर येई आणि आल्या आल्या खुर्चीवरचा स्वेटर अंगात घाली. मग दिवसभर तिला हाकाच हाका. "प्रभावतीबाय, माझा जॉब अडकला गो, उडव." "बाय, कालचा चुकीचा पाठवला, काढून टाक." ती जॉबचा नंबर विचारून घेई, तो पुन्हा मोठ्याने वाची आणि मगच टंकी. संध्याकाळी तिचे डोळे लाल होत. माझीही काच तापलेली असे. दसऱ्याला ती माझ्यावर झेंडूचे फूल ठेवी, तेवढाच काय तो आमचा सण.

ते दिवस मोठ्या गडबडीचे होते. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून बाहेर मोर्चे निघत, आणि खोलीतही शेजारी शेजारी बसणारी माणसे आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत. मला दोन्ही लिहिता येत नव्हत्या, म्हणून दोन्ही बाजूचे लोक माझ्याशी सारखेच वागत. मग गोवा राज्य झाले. कुणीतरी पेढे आणले, रुसलेल्यांनीही ते खाल्ले, आणि कामे पुन्हा सुरू झाली.

त्यानंतरच्या एका गणेशचतुर्थीची ही गोष्ट आहे.

सुर्ल्याच्या बाजूला कंपनीची खाण होती. खनिज काढून उरलेली माती तिथे डोंगरासारखी रचून ठेवत. त्याला डंप म्हणत. त्या डंपाच्या पायथ्याला सिंधुदुर्गातून आलेल्या मजुरांच्या खोपी होत्या. शांताराम तिथला मुकादम, आणि कमल त्याची बायको. पाऊस त्या वर्षी थांबत नव्हता आणि डंप पाणी पिऊन फुगला होता.

चतुर्थीच्या आधी दोन दिवस गुरुदास दुपारचा खोलीत आला. हा नवा, तरुण इंजिनिअर. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, तसाच तो माझ्यासमोर उभा राहिला.

"प्रभावतीबाय, माझो जॉब खंय पावलो?"

"रांगेत आहे, गुरुदासबाब. सगळ्यांच्या शेवटी."

"डंपाक चीर पडल्या. हात भितर जाता. सकाळी मापां घेतली, गणित पाठयलां. डंप रावतलो काय ना, ते आज कळूंक जाय."

डंप टिकेल की नाही, हे त्याला आजच हवे होते. प्रभावतीने रांग माझ्या काचेवर आणली. यशवंतसाहेब आमच्या विभागाचे प्रमुख. खाणीत खनिज किती शिल्लक आहे, याचा त्यांचा मोठा अंदाज तुकड्यातुकड्यांनी तीन दिवस चालला होता. तिन्ही यंत्रे त्यातच गुंतली होती, आणि मागे आणखी कितीतरी तुकडे उभे होते. साहेब मुंबईला गेले होते. प्रभावतीने फोन फिरवला, पुन्हा फिरवला. पावसाने लाइन पडली होती.

"खोपींत माणसे किती आहेत?" तिने विचारले.

"तीस-चाळीस. पोरां धरून."

"गणिताशिवाय तुम्ही त्यांना हलवू शकत नाही?"

"नुसत्या चिरेवरून? दर पावसांत चिरी पडतात म्हणतले. कागद दाखयलो तर मुकादम ऐकतलो."

प्रभावती माझ्याकडे वळली. तिची बोटे माझ्या बटणांवर होती, पण ती दाबत नव्हती. मग तिने रद्द करायची कमांड आणि पुढे साहेबांचे नाव टंकले. एका दमात सगळे संपले असते. पण ती थांबली.

"गुरुदासबाब, तुमचा जॉब कुणाच्या नावाने पाठवला?"

गुरुदासचा चेहरा उतरला. तो नवा होता. यंत्रावर त्याचे स्वतःचे नाव अजून चढले नव्हते, म्हणून तो साहेबांच्याच नावाने काम करी. त्या नावाने कमांड दिली असती, तर साहेबांच्या जॉबबरोबर त्याचाही जॉब गेला असता.

तिने टंकलेले नाव खोडले. आता एकच वाट उरली होती. एक-एक नंबर घेऊन एक-एक जॉब रद्द करायचा. ती नंबर मोठ्याने वाची, गुरुदास यादीशी ताडून होकाराचे "हय" म्हणे, आणि मग ती टंकी. एक तुकडा गेला की मागचा आत घुसे. तो काढावा तर त्याच्या मागचा. तिची पाठ वाकली, मनगटे दुखू लागली. मध्येच ती म्हणाली, "तीन दिवसांचे काम आहे हो, गुरुदासबाब." आणि पुढचा नंबर वाचला. शेवटी रांगेत एकटा गुरुदासचा जॉब उरला आणि आत गेला.

दिवेलागणीला उत्तर आले. डंप टिकणार नव्हता. कधी पडेल, ते मात्र गणित सांगत नव्हते. गुरुदास कागद घेऊन धावला. शांतारामाने कागद वाचला नाही, गुरुदासचे तोंड वाचले आणि खोपी रिकाम्या करायला लावल्या. चतुर्थीची सुट्टी होती. गावच्या शाळेच्या पडवीत सगळी बिऱ्हाडे गेली.

आणि डंप पडला नाही.

त्या रात्री नाही, चतुर्थीला नाही, त्यानंतरचे काही दिवसही नाही. यशवंतसाहेब परतले. रिकामी रांग पाहून ते खोलीभर ओरडले. "तीन दिवसांचे काम! कुणाला विचारून केलेस?"

"माझ्या सांगण्यावरून," गुरुदास म्हणाला.

"सांगितले त्यांनी, साहेब. टंकले मी," प्रभावती म्हणाली.

साहेबांनी तिचा अधिकार काढून घेतला. त्यानंतर तिने रद्द करायची कमांड दिली की मला इंग्रजीत लिहावे लागे, 'परवानगी नाही.' मित्रांनो, तिच्या तोंडावर हे लिहिताना मला किती जड गेले, ते कसे सांगू? गुरुदास दिवसभर खाणीवर असे. खोलीतल्या बाकीच्यांनी तिला हाका मारणे सोडले. जेवायच्या सुट्टीत ते तिला टाळून पुढे जात. ती दाराबाहेरच्या बाकावर एकटीच डबा उघडत असे.

एके दिवशी कमल तणतणत आली. "शाळा सोमवारी उघडतली. मास्तर म्हणता, पडवी खाली करा. तुमच्या मशिनीन सांगल्यान म्हणान आमी भायर पडलंव. डंप तर थयच हा! आमी परत जातंव."

"मशीन खोटा सांगणा नाय. आजून थोडे दिस काढ गो, कमलबाय," प्रभावती तिच्याच बोलीत म्हणाली.

"तुझा काय जाता? तू हय थंडाईत बसतस."

प्रभावती उठली आणि तशीच स्वेटर घालून कमलबरोबर गेली. पुढचे मला गुरुदासच्या बोलण्यातून कळले. तिने मास्तरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, आणि पडवी आणखी आठवडाभर मिळाली.

मंगळवारी भर दुपारी डंप खाली बसला. फार मोठा आवाजही झाला नाही म्हणे. लाल चिखल खोपींवरून सरकत ओढ्यापर्यंत गेला. काही जणांनी परत नेऊन ठेवलेल्या बाजा आणि भांडी त्याखाली गेली. माणूस एकही गेला नाही.

दोन दिवसांनी प्रभावतीने सवयीने एक अडकलेला जॉब रद्द करायला घेतला, आणि मी 'परवानगी नाही' लिहिले नाही. साहेबांनी अधिकार परत दिला होता. ती हसली नाही. डोळे पुसून तिने पुढचा नंबर वाचला.

त्याच दुपारी कमल पुन्हा आली. पानात बांधलेली भाकरी तिच्या हातात होती. खोलीत खायला बंदी, म्हणून दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. दार उघडे होते. "घे गो बाय," एवढे मी ऐकले, आणि मग दोघींच्या जेवण्याचा आवाज.

पुढे नवी यंत्रे आली, मला तुमच्या शाळेला दिले गेले. तुम्ही मला जपा असे मी म्हणणार नाही, मी काच आणि तारा आहे. पण मित्रांनो, तुमच्या आसपास कुणीतरी दुसऱ्यांसाठी बोलणी खात असेल. त्याने केले ते बरोबर होते की चूक, हे कळायला कधीकधी फार दिवस लागतात. तोवर त्याला एकट्याला जेवू देऊ नका.