ग्राइकोस कोणाचा

थ्रासिवुलोस मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली तशी हलव्याची बशी उडाली. नातवाच्या बाप्तिस्म्याला जेमतेम तास उरला होता आणि ग्रीसमधल्या फार्सालाचे हे निवृत्त मास्तर इटलीहून आलेल्या व्याह्यांशी पूर्वजावरून हमरीतुमरीवर आले होते. त्यांचं म्हणणं, आपण पुराणातल्या हेलेन राजाचे वंशज म्हणून हेलेनीस. ‘ग्रीक’ हे रोमनांनी लॅटिनमधून चिकटवलेलं नाव. व्याही दोनातो कसले ऐकतायत! दक्षिण इटलीतल्या त्यांच्या गावात म्हातारी माणसं अजून घरात ग्रीकच बोलत आणि स्वतःला ग्रीकोच म्हणवत.

“रोमनांनी ते नाव काय आभाळातून आणलं?” दोनातो म्हणाले. “ग्राइकोस तुमच्याच जुन्या कथेतला. हेलेनच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे घराण्याच्या लेकीचा. मास्तर, अख्खं जग तुम्हाला लेकीच्या मुलाच्या नावानं ओळखतं!”

मास्तर टोपी चढवून एकटेच चर्चकडे निघून गेले.

बाळाला झबलं घालताना असुन्ताला या भांडणाचं आधी हसू आलं, मग सासरे रागावल्याची भीती वाटली. ती दोनातोंची एकुलती एक लेक. पहिल्या मुलाला बापाकडच्या आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या, ही इथली रीत. पण दुसरं मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वडिलांचं नाव त्यांच्याबरोबरच संपणार याचं तिला फार वाईट वाटे. पण सासऱ्यांपाशी तो विषय काढायची तिची छाती नव्हती.

जुन्या चालीप्रमाणे धर्मपित्यानं नाव पुकारेपर्यंत आई चर्चबाहेर थांबते. दोनातोही तिच्याशेजारी थांबले. आत फार उकडतं, म्हणाले.

दार उघडलं. आईला नाव आधी कोण सांगतो म्हणून पोरं एकमेकांना ढकलत, ओरडत बाहेर आली.

“दोनातोस! दोनातोस!”

असुन्ताला रडूच कोसळलं. दोनातो मात्र कोट सारखा करत लगबगीनं पायऱ्या चढू लागले.

“आलो, आलो. काय झालं?”

दारात मास्तर उभे होते, लालबुंद.

“तुम्हाला कोणी बोलावलं नाही, व्याही,” ते म्हणाले. “नातवाला हाक मारतायत.”