दुसऱ्या कडव्यातली बादली

नॅशव्हिलमध्ये गाणी सकाळी अकराला लिहायला बसतात, दातांच्या डॉक्टरकडे जावं तशी वेळ ठरवून. नेडा टॅकेट गेली बावीस वर्षं अशी बसत आली होती, आणि अंगावर शहारा आणणारं प्रेमाचं गाणं लिहायला सकाळी अकराइतकी वाईट वेळ नाही हे तिचं ठाम मत होतं. समोर गार झालेली कॉफी. शेजारी गिटार घेऊन रँडल, ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलेलं. आणि खुर्चीच्या टोकावर चोवीस वर्षांचा गायक कोल्टर, ज्याच्या नव्या रेकॉर्डला एका गाण्याची कमतरता होती.

"मिस नेडा, असं पाहिजे की गाडी चालवताना ऐकलं तर बाईला गाडी बाजूलाच घ्यावी लागेल."

"माझ्या वयाच्या बायका गाडी बाजूला घेतात ती पाठीत उसण भरली म्हणून," नेडा म्हणाली.

पहिलं कडवं झालं, धृपदही झालं. दुसऱ्या कडव्याशी गाडं अडलं. दुसरं कडवं नेहमीच असं असतं. पहिल्यात सगळं सांगून झालेलं असतं आणि आता काय बोलायचं म्हणून माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात.

"चंद्र आणूया?" रँडलनं विचारलं.

"चंद्र पहिल्यात येऊन घरी गेला."

"मग ट्रकच्या मागच्या फळीवर दोघं..." कोल्टरनं सुरुवात केली.

"बाळा, ह्या गावातल्या गाण्यांनी ट्रकच्या फळीवर इतक्या पोरी झोपवल्यात की आता चाकं बसतील."

कोल्टर हसला, विचारात पडला, आणि एकदम उजळला. "तो तिचे केस धुतो! बाथटबमध्ये. मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या."

नेडानं कॉफीचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिच्या नवऱ्याला, हॉलिसला जाऊन सहा वर्षं झाली होती. मेला नव्हता, तिला सोडून गेला होता. आता जवळच्याच मर्फ्रीझबरो गावात डीना नावाच्या बाईबरोबर संसार करत होता. डीना चांगली होती, हीच तर पंचाईत, धड नावंही ठेवता येत नव्हती. 'बरं झालं, गेला एकदाचा,' असं नेडा सगळ्या गावाला सांगत असे, आणि इतकं छान सांगे की लोकांचा विश्वास बसला होता. हॉलिसचाही. दारूवर, भांडणांवर, घटस्फोटाच्या वकिलावरसुद्धा तिनं गाणी लिहिली होती. एका गोष्टीला मात्र बावीस वर्षांत हात लावला नव्हता. ती वहीत आली तर सगळं उघडं पडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रँडल आणि कोल्टर टबात पाकळ्या टाकत राहिले. 'गुलाबात तू, माझ्या श्वासात तू' इथपर्यंत तिनं सोसलं.

"टबात नाही," तिचं तोंड बोललं. "मागच्या पायरीवर. ती खालच्या पायरीवर, तो वरच्या, तिची मान त्याच्या गुडघ्यावर. पाणी बादलीतलं, दिवसभर उन्हात ठेवलेलं. आणि तिच्या डोक्यावर ओतायच्या आधी तो स्वतःच्या मनगटावर ओतून बघतो. फार ऊन तर नाही ना, म्हणून."

रँडलची बोटं थांबली. त्यानं हॉलिसबरोबर दहा वर्षं बँडमध्ये काढली होती. तो मान खाली घालून गिटारच्या पोटाकडे बघत हळूच म्हणाला, "लिहून घ्यायचं ना, नेडा? की राहू दे?"

खोलीचा नियम असा, की इथं ज्याच्या तोंडून जे निघालं ते तिघांचं. पण वहीत उतरायच्या आधी म्हातारा तिला वाट काढून देत होता. नको म्हणायला नेडानं तोंड उघडलं.

"मनगट ओळीच्या शेवटी ठेव," ती म्हणाली. "तिथं चांगलं वाजेल."

तीन आठवड्यांनी कच्चं रेकॉर्डिंग ठरलं. ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली, "आपला स्टील गिटारवाला दौऱ्यावर गेलाय, मिस नेडा. हॉलिसला बोलावलंय. तुम्हाला काही त्रास नाही ना?"

"मला कसला त्रास?" नेडा म्हणाली. सहा वर्षांचा सराव होता. फोन ठेवल्याबरोबर तिनं कोल्टरला गाठलं. "तो बाथटब परत घालूया का? मेणबत्त्या छान होत्या रे."

"अहो, काहीतरीच! माझी आई ते कडवं ऐकून रडली. बाबा उठून गोठ्यात जाऊन बसले. आता एक शब्द बदलायचा नाही."

एकच आशा उरली होती. स्टुडिओत वादकांना गाण्याचे शब्द देत नाहीत. कागदावर नुसते सुरांचे आकडे असतात. पण स्टील ही टेबलासारखी आडवी, पायाखाली पट्ट्या असलेली गिटार. तिचं कामच उत्तर देण्याचं. गाणारा ओळ म्हणून श्वासाला थांबला की तेवढ्या फटीत स्टील उसासते. ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हे नेडाला हॉलिसनंच शिकवलं होतं, त्याच पायरीवर.

तो आला, दाढी पांढरी करून.

"कशी आहेस?"

"मजेत. डीना?"

"मजेत."

पहिल्या कडव्यात त्यानं ओळीओळीला असं उत्तर दिलं की काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या नेडानं खुर्ची काचेपासून मागे सरकवली. मग कोल्टरनं दुसरं धरलं.

*बस मागच्या पायरीवर, मान टाक गुडघ्यावर,*
*एक बादली ठेवलीय उन्हात दिवसभर,*
*आधी बघतो ओतून माझ्याच मनगटावर,*
*मग हळू, अगदी हळू, तुझ्या केसांवर.*

पहिल्या ओळीनंतर स्टील वाजली. दुसरीनंतर अर्धीच. तिसरीनंतर काही नाही. हॉलिसचा हात तारांच्या वर, तसाच अधांतरी. चौथीनंतरही काही नाही. धृपदात तो उशिरा शिरला, तोही चाचपडत.

"हॉलिस, झोप लागली का?" रेकॉर्डिंग करणाऱ्यानं माइकवरून विचारलं. "तिथं मोकळं पडलंय. भर काहीतरी."

"तिथं काही नको," हॉलिस म्हणाला.

परत ऐकल्यावर सगळ्यांनाच ते पटलं. कोल्टर तर नाचायचाच राहिला. "काय जागा सोडलीत, सर! अंगावर काटा आला!"

नेडा कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती, कप भरलेला असून ओतत. हॉलिस वायर गुंडाळत तिच्या शेजारी आला.

"दोन बादल्या होत्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"ओळीत दोन बसत नव्हत्या."

त्यानं मान हलवली, सूर बदलल्याचं कुणी सांगितल्यावर हलवायचा तशी. वायर गुंडाळून झाली तरी तो उभा होता. "शर्टाचं नाही घातलंस."

त्या पायरीवर टॉवेल कधीच नसे. तो अंगातला शर्ट काढून तिचे केस पुसायचा.

"नाही," नेडा म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. डीना त्याला न्यायला आली होती. खिडकीतून तिनं नेडाला हात केला, मनापासून. नेडानंही केला, दुसरं करण्यासारखं काय होतं? हॉलिस स्टीलचं ते अवजड खोकं ओढत गेला. दारात थांबला, असं तिला वाटलं. खोक्याचं चाक उंबऱ्यात अडकलं होतं, एवढंच.

"मिस नेडा," कोल्टर धावत आला, "रेकॉर्डवाल्यांना अजून एक पाहिजे. अगदी असंच. आहे का हो तुमच्याकडे काही?"

"नाही."

"मंगळवारी अकराला बसून तर बघू!"

रँडल गिटार पेटीत ठेवता ठेवता थांबून तिच्याकडे बघत होता. नेडाला आपलं तोंड माहीत होतं. मंगळवारी ते दोघं दुसऱ्या कडव्यात अडकणार, कुणीतरी रेशमी टॉवेल आणणार, आणि ती किती वेळ सोसणार?

तिनं पर्समधून डायरी काढली आणि मंगळवारच्या पानावर अकरा लिहिले.