भाऊबीजेचं धुराडं

बोरगावच्या ओढ्यात नामाची मोटार फटकन आवाज करून थांबली, तेव्हा तिच्यात नऊ माणसं, दोन कोंबडे, भाताचं एक पोतं आणि जयवंता होती. जयवंताला वेगळं मोजायचं कारण एवढंच, की बाकीचे बसले होते आणि ती उभी होती. चौदा वर्षांची झाली, कर्जतच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली, पण मोटारीत कधी बसून गेली असेल तर शपथ! पुढची काच दोन्ही हातांनी धरायची, वेण्या वाऱ्यावर सोडायच्या आणि "काका, दाबा की जरा!" म्हणून नामाला भंडावून सोडायचं, हा तिचा रोजचा नेम.

त्या दिवशी नामाकाकाने खरंच दाबलं. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, सगळ्यांनाच घर गाठायची घाई. चढण चढून इंजिन नुसतं फणफणलेलं, आणि पुढे ओढा. गार पाणी फसकन वर उडालं, तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पडलं आणि बीड तडकलं.

तडकलं ते इंजिनाचं धुराडं. इंजिनाच्या कुशीला चार भोकं असतात. त्यांतून येणारा जाळ-धूर गोळा करून गाडीच्या पोटाखालून मागे नेणारा हा चार तोंडांचा नळ. नामाकाका त्याला मेनफोल म्हणायचा. तो फुटल्यावर मोटार डरकाळ्याच फोडू लागली आणि हातभर जाळ थेट इंजिनाच्या तारांवर येऊ लागला. नामाने झटकन इंजिन बंद केलं. उतारूंनी ढकलत ढकलत मोटार गावातल्या चिंचेखाली आणून लावली, कोंबडेवाल्याने नामाला चार शिव्या दिल्या आणि जो तो आपापल्या घरी गेला.

दिवस लढाईचे. मोटारीचा सुटा भाग मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. नामाने फुटके तुकडे गोणपाटात बांधले आणि एका केळीवाल्याबरोबर नमुना म्हणून मुंबईला धाडले, की असलंच जुनं कुठे मिळालं तर घेऊन ये. नमुना गेला तो गेलाच. केळीवाल्याने गोणपाट क्षणभर खाली ठेवलं, तर कुणीतरी भंगार म्हणून उचललं.

"आता त्याचा तोफेचा गोळा झाला आसंल," नामा कपाळाला हात लावून म्हणाला. "माजा मेनफोल जर्मनाच्या टाळक्यात बसंल. पन माजी मोटार बसली ती बसलीच!"

सगळे हसले. जयवंता हसली नाही. तिचे वडील, मालोजी, तिथेच विडी ओढत उभे होते आणि ते काय बोलणार ते तिला ठाऊक होतं.

"सुट्टी संपंस्तवर मोटार चालली तर शाळा," मालोजी म्हणाले. "नायतर पनवेलला आत्याकडं. तिला पोरं सांभाळायला कुनीतरी पायजेलच हाय."

"बा, मी चालत जाईन!"

"त्या रानातून? येकटी?"

"मंग तुमी चला संगं."

मालोजींनी विडी विझवली. आता ते काही दुष्ट नव्हते, बरं का. मोटार सुरू व्हायच्या आधी महिनाभर अंधार असतानाच उठून त्यांनीच तिला कर्जतला चालत पोचवलं होतं, पाटीदप्तर स्वतःच्या डोक्यावर घेऊन, आणि परत येऊन नांगर धरला होता. पण आता भात कापणीला आलं होतं.

"कापनी कोन करंल, तुजा हेडमास्तर?" ते हळूच म्हणाले, आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी जयवंताने करंजी खाल्ली नाही. तिच्या आईने, भागूबाईने, ते पाहिलं. ती बोलायची कमी. चुलीतलं लाकूड मागेपुढे करीत म्हणाली, "भाऊबीजेला मी भिवपुरीला जानारच हाय. सखा तिथल्या पॉवरहाऊसच्या कारखान्यात लोखंडाला लोखंड जोडतो. त्याला हे तुजं चार तोंडांचं जनावर करता येनार नाय व्हय?"

जयवंता ताडकन उठली. "आय! मामा करील! पण त्याला दिसायला तर पायजे ना, कसं हाय ते!"

"मंग दाखव. नकाशे काडतीस ना तू?"

नकाशे! वर्गात जयवंताइतका सुरेख नकाशा कुणी काढत नसे. कुलाबा जिल्ह्याचा किनारा काढला तर गुरुजी म्हणाले होते, यात पाय घातला तर भिजेल. सकाळी उठल्या उठल्या तिने पणत्यांची काजळी तेलात कालवली, चिंचेखाली पळाली आणि इंजिनाच्या चारी भोकांच्या कडांना ती काजळी फासली. मग चित्रकलेचा जाड कागद त्यावर दाबला आणि तळहाताने चोळला.

"कुंकू लावती का काय गं माज्या मोटारीला?" नामाकाका म्हणाला.

"गप बसा काका. रेडिएटर कोणत्या अंगाला?"

"ह्या काय, तुज्या डाव्या हाताला."

तिने कागदाचा तो कोपरा खुणेसाठी फाडला आणि कागद सोलून काढला. चार काळी वर्तुळं आणि बोल्टांची भोकं, लख्ख उमटलेली! पहिली दोन वर्तुळं जवळजवळ, तिसरं जरा लांब, चौथं त्याहून लांब. मापात तसूभर चूक नाही. घरी येऊन त्या छापावरच तिने तांबड्या पेन्सिलीने चार नळ्या काढल्या. फाटक्या कोपऱ्याकडून सुरू होणाऱ्या, एकत्र होत होत खाली आणि मागे जाणाऱ्या. नळ्यांना सावलीसुद्धा दिली. कागदाची गुंडाळी आईच्या पिशवीत, करंज्यांच्या वर, जपून ठेवली.

भागूबाई गेली. जयवंताने घर सारवलं, म्हैस बांधली, सोडली, परत बांधली. दिवसातून दहादा चिंचेकडे जाऊन यायची. मोटारीच्या टपावर चिमण्या बसू लागल्या होत्या. मालोजींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून झटकून ठेवली होती. पनवेलची तयारी.

शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी दुपारी कर्जतकडून एक बैलगाडी आली. पुढे भागूबाई, मागे सखामामा, आणि दोघांच्या मधे खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या पोरासारखं.

"काय सांगू दाजी," मामा उतरता उतरताच सुरू झाला. "हिनं मला ओवाळलं, मी तबकात लुगडं ठेवाया गेलो, तर तबकच मागं घेतलं हिनं! म्हंते, लुगडं र्‍हाऊ दे, मला लोखंडाचं धुराडं घाल. बायको माजी बगतच र्‍हायली!"

"सायबाला इचारून टाकाऊ नळ्या घेतल्या," भागूबाई म्हणाली, आणि तिला थांबवणं कुणाला जमेना. "आन नळी अशीच नाय वाकवत गं जये. वाकवली तर मधी चेपते. आधी कोरडी वाळू ठासून भरायची, दोनी तोंडं बंद करायची, मंग तापवून वाकवायची. वाळू वली र्‍हायली तर बंदुकीवानी उडतं! मी सोता वाळू भाजून दिली, तव्यावर."

मालोजी बायकोकडे बघत राहिले. सबंध संसारात तिने एका दमात एवढं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

खण सोडला. आणि काय ते रूप! चार नळ्या अशा झोकात वळलेल्या, की जयवंताचं चित्रच कागदातून उठून आल्यासारखं वाटलं. सगळा गाव चिंचेखाली जमला. मामाने धुराडं इंजिनाला लावलं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कपाळाचा घाम पुसला.

"पहिलं भोक जमतं, तर चौथं जमत नाय. चौथं जमवावं, तर पहिलं जातं. आन तोंड तर रेडिएटरकडं जातंय! म्होरं! धूर म्होरं सोडायचा का काय?"

"आरं, तू उलटं केलंस!" नामा ओरडला.

"मी कागदाबरहुकूम केलं. हा बग फाडलेला कोपरा. उजव्या अंगाला."

"रेडिएटर डाव्या अंगाला हाय!"

जयवंताने कागद मामाच्या हातातून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मागच्या शिमग्याला आईने चोळी शिवताना दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या होत्या, तेव्हा ती किती खिदळली होती! आणि आता तिने तेच केलं होतं. काजळीचा छाप उमटला तो इंजिनाकडच्या बाजूला. तो बघायला कागद पालथा केला, की डावं ते उजवीकडे जाणारच. त्या पालथ्या छापावर तिने इतकं देखणं चित्र काढलं होतं! मापं बरोबर, नळ्या बरोबर, आणि सगळंच्या सगळं आरशातलं.

"माजं चुकलं," ती म्हणाली. "मामाचं नाय. मी पालथ्या छापावर काढलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मामाची सुट्टी उद्यापुरती होती. नव्या नळ्या वाकवायला ना वाळू भाजायचा वेळ, ना नळ्या. मालोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून फक्त घराकडे पाहिलं. म्हणजे पेटीकडे.

नामाकाकाने मात्र रागारागाने धुराडं उचललं. "घ्या! ठेवा देव्हाऱ्यात!" म्हणत त्याने ते मडगार्डावर आदळलं. ते गडगडलं, पालथं झालं आणि इंजिनाच्या कुशीला टेकून अडकलं. तोंड आभाळाकडे.

जयवंताने डोळे पुसता पुसता पाहिलं. जवळजवळची दोन तोंडं रेडिएटरकडे. मग तिसरं. मग लांबचं चौथं.

"काका, हात नका लावू!" ती किंचाळली. "मामा, भोकं बगा! खालची बाजू वर केली की जमतंय! सगळी जमतायत!"

मामाने वाकून पाहिलं. एक बोल्ट घातला, दुसरा घातला. आठच्या आठ बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे गेले.

"पन तोंड मागं गेलं तरी वर गेलं की गं," नामा म्हणाला. "खाली जायचं सोडून."

"जाऊ दे वर! आगगाडीचं नाय जात?"

मामा मांडीवर थाप मारून असा हसला की गाडीचे बैल दचकले. पोटाखाली जोडायला आणलेली सरळ नळी त्याने वर उभी जोडली, बॉनेटाची एक बाजू काढून टाकली, आणि नामाने हँडल मारला. मोटार खोकली, शिंकली, आणि टपाच्याही वर उभ्या राहिलेल्या नळीतून काळ्या धुराचा भलामोठा लोट निघाला. चिंचेवरचे कावळे गाव सोडून गेले. तारांवर जाळ नाही, काही नाही!

सोमवारी सकाळी जयवंता दप्तर घेऊन आली, तर मोटारीत पुढच्या बाकावर मालोजी बसलेले. धुतलेलं पागोटं, नवं उपरणं. जन्मात ते मोटारीत बसले नव्हते.

"बा, कापनी?"

"येक दिस र्‍हाईल उभं भात. हे तुजं धुराडं वाटंत पडलं तर उचलाया कोन हाय?"

वाटभर त्यांनी एका हाताने पागोटं आणि दुसऱ्या हाताने जयवंताचा दंड धरला होता. ओढा आला तेव्हा नामाने गाडी अशी हळू घातली, की पाण्यातले मासेही दचकले नसतील. कर्जतच्या अलीकडे पोरं धुराचा लोट बघून "गाडी आली! गाडी आली!" करत रुळांकडे धावली आणि रुळांवर काहीच नाही म्हणून बावळटासारखी परत फिरली.

शाळेच्या फाटकात गुरुजी उभे होते. मालोजी उतरले. निम्मं तोंड काजळीने काळं, निम्मं नेहमीचं.

"मास्तर, रामराम. ही माजी पोर," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं. "त्या धुराड्याचं चित्र हिनंच काडलं. उलटं काडलं."

"बा!" जयवंता लाजून चूर झाली.

"उलटं काडलं, आन चालवून बी हिनंच दाखवलं," मालोजी म्हणाले, आणि या वेळी डोक्यावरून वाहून आणलेलं नसलं, तरी तिचं दप्तर मोटारीतून काढून स्वतः तिच्या हातात दिलं.