उदाहरणाचे वाक्य

शब्दकोशाच्या कचेरीत थोरलीने एकतीस वर्षे चिठ्ठ्या लिहिल्या. वर शब्द, खाली व्युत्पत्ती, मग अर्थ आणि शेवटी वापराचे वाक्य. निवृत्तीनंतर घरात बोलायला कोणी उरले नव्हते, म्हणून ती रेडिओवरच्या निवेदकाच्या चुका काढायची. तो बिचारा मुकाट ऐकून घ्यायचा.

त्या दुपारी नवी संपादक दोन पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, अक्षर तुमचंच ना? नवी आवृत्ती उद्या छपाईला जातेय आणि 'नीतिनिरपेक्ष'ला वाक्यच नाही. शिवाय 'अनैतिक'चं वाक्य चुकीच्या घरात बसलंय."

थोरलीने चष्मा चढवला. ते वाक्य वाचायची तिला गरज नव्हती. 'बाप मरणाच्या दारात असताना पोहायला जाणे अनैतिक होय.'

ते तिने वडील गेले त्या महिन्यात लिहिले होते. शेवटच्या दुपारी धाकटी बहीण टॉवेल खांद्यावर टाकून तलावावर गेली आणि ओल्या केसांनी परतली, तोवर सगळे आटोपले होते. रडली नाही की सबब सांगितली नाही. भूक लागली म्हणून जेवायला बसली. वर्षभराने कोश छापून आला. धाकटीने ते पान उघडून शांतपणे वाचले. "छापील झाले मी," एवढेच म्हणाली आणि गाव सोडून गेली. त्याला सव्वीस वर्षे झाली. वर्षातून एक पत्र यायचे, तेही हवापाण्याचे.

"चुकीचं कसं?" थोरलीने विचारले.

"अनैतिक म्हणजे वाट ठाऊक असून ती मुद्दाम सोडणारं. तुम्हीच लिहिलंय ना, 'नी' म्हणजे नेणे, नीती म्हणजे नेणारी वाट. आणि निरपेक्ष म्हणजे तिकडे न बघणारं. तुमच्या वाक्यातल्या माणसाने वाट सोडलीय की तिकडे बघितलंच नाही, हे कुठे कळतं?"

थोरलीने पेन उघडले. मांजर चिमणीचे कोवळे पिल्लू पकडते तेव्हा ते अनैतिक नसते, हे तिने दहा जणांना समजावून सांगितले होते. नेमकी घरातल्या माणसाची वेळ आली तेव्हा हाताशी एकच शब्द होता, तोच तिने फेकून मारला. दुसऱ्या चिठ्ठीवर वाक्याची जागा तेव्हा कोरीच राहिली. विसरून नव्हे. ते वाक्य लिहिले असते, तर धाकटीवरचा राग सोडावा लागला असता.

तिने पहिले वाक्य खोडले आणि त्या जागी लाच खाणारा कारकून बसवला. दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिले: 'पाणी नीतिनिरपेक्ष असते, ते आलेल्याला, कोण आहे हे न विचारता, अंगावर घेते.'

"लांबलंय थोडं," संपादक म्हणाली.

"असू दे."

ती गेल्यावर थोरलीने फोन लावला. नंबर पत्राच्या कोपऱ्यात दरवर्षी लिहिलेला असायचा.

"कोण?"

"मी. ताई."

"कोणी गेलं का?"

"नाही गं. जायला आहे कोण आता? ते वाक्य काढलं मी, कोशातलं."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"बाबांनीच पाठवलं होतं मला," धाकटी म्हणाली. "म्हणाले, जा, पाणी कसं आहे ते येऊन सांग. सांगायचं राहिलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू लिहिलंस." ती थोडी हसली. "मग आता मी कुठल्या शब्दात आहे?"

"कुठल्याच नाही."

"तेवढी एक जागा होती बघ तुझ्याकडे माझी," धाकटी म्हणाली.

थोरलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाशी धरला आणि विचारले, "कसं होतं गं पाणी?"