अर्ध्या वाटेत थांबलेला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकायचे काम मात्र माझ्या वाट्याला कधीच आले नाही. अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावरच्या एका राज्याच्या विधानसभेत, अध्यक्षांच्या मेजावर माझा मुक्काम असतो. मी वाजलो की निर्णय पक्का होतो.

ज्या अक्रोडाच्या ओंडक्यातून मला घडवले, त्यातूनच माझा धाकटा भाऊही निघाला. तो रस्त्यापलीकडच्या केंद्राच्या न्यायालयात गेला आणि माझे सुख हरपले. आमचे सभासद पुढ्यातले सूप गार होईपर्यंत भांडून एखादा कायदा करत, मी ऐटीत वाजे. मग पलीकडे भाऊ एकदा वाजे आणि आमचा कायदा रद्द. त्याच्या दालनात लोक अदबीने उभे राहत. इथे माझ्या मुठीला चीर गेली, तरी कोणी तेलाचे बोट लावले नाही. मी त्याच्यावर फार जळत असे.

अशात आमचे एक सभासद रोलंड लिंडक्विस्ट यांनी एक ठराव आणला. देशातल्या पन्नासपैकी चौतीस राज्यांनी मागणी केली, तर घटनादुरुस्ती सुचवणारी परिषद भरते. तिथे वॉशिंग्टनच्या सरकारला वेसण घालायची आणि न्यायाधीशांच्या तहहयात खुर्चीला मुदत लावायची, असा त्यांचा बेत होता. आता भावाची चांगली जिरणार, म्हणून मी हरखून गेलो.

आवाजी मतदानात 'हो'चा आवाज मोठा वाटला. अध्यक्ष मार्लिस एंगेब्रेटसन स्वतः ठरावाच्या बाजूच्या. त्यांनी मला उचलले. मी खाली पडण्याआधी कोणी उभे राहून मोजणी मागितली, तर ती द्यावी लागते. मागच्या बाकावर विरोधातले म्हातारे डेल्बर्ट हाउक खुर्चीला धरून उठू लागले. गुडघे त्यांना साथ देईनात.

"अध्यक्षबाई, हाणा की आता," रोलंड कुजबुजले.

"डेल्बर्ट उठतायत."

"त्यांना उठायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे. वरचे लोक आपलं ऐकून न घेता ठोकतात, म्हणूनच हा ठराव आणलाय ना आपण?"

मी हवेत तसाच लटकलो. मनातून ओरडत होतो, मारा, एकदाच मारा!

डेल्बर्ट उभे राहिले. "मोजा," ते धापा टाकत म्हणाले.

मते मोजली. ठराव एका मताने पडला.

"बाई, हातातला घास घालवलात," रोलंड म्हणाले.

"मोजून हरलो, रोलंड. पुढच्या वर्षी मोजूनच जिंकू."

इतका वेळ मला धरून ठेवल्यामुळे मुठीची चीर त्यांच्या हाताला टोचली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जवसाचे तेल आणून ती स्वतः भरली.

मित्रांनो, भावाचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटे कशाला सांगू? पण तुमच्या हातात कधी हातोडा आला, तर त्याला तेल जरूर लावा. आणि तो आपटण्याआधी मागच्या बाकावर कोणी उठते आहे का, तेवढे बघा.