लाइट आल्याचा कौल

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा डोंबिवली करवादते. आमच्या सोसायटीत मात्र सण असे. दुपारी तीनपासून दत्तमंदिरात शंभर-दीडशे माणसं घामाघूम उभी. पंखे बंद, आरतीचं नगारा-घंटा मशीन मुकं. लाइट आली, की कुणीही हात न लावता घंटा एकदाच वाजे. टण्ण! आणि दीडशे गळे, "गुरुदेव दत्त!"

हा कौल. तो मागायचे चांगदेवबुवा, पूर्वाश्रमीचे इन्व्हर्टरविक्रेते. मंदिराला इन्व्हर्टर नको, हा आग्रह त्यांचाच. "देवाला बॅकअप लागतो होय रे?" शुक्रवारी एकच प्रश्न घेत आणि लाइट येईपर्यंत तो घोळवत: "महाराजा, हिची नोकरी पक्की होणार असेल तर एक टोला दे!" टोला पडे. देवाने आजवर कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. यावरून संशय कुणालाच आला नाही.

मला यायचा प्रश्नच नव्हता. मशीनचा टायमर मीच बनवला होता. एमआयडीसीत तीस वर्षं कंट्रोल पॅनेलं जोडली, निवृत्तीनंतर हे फुकटचं काम. टेबलावर चाचणी घेतानाच दिसलं होतं, की वीज लावताच हातोडा एकदा उडतो. म्हटलं, चालतंय, रोज कुठे लाइट जाते? पुढे लोक "तुमच्या मशीनमध्ये देव उतरला" म्हणू लागले. मी नम्रपणे मान खाली घालायचो. नम्रता सोयीची असते, तोंड उघडावं लागत नाही.

मग सोसायटीतल्याच केशरबाईंची पाळी आली. छातीत गाठ. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलेला. बुवांनी कौल मागितला, "सुरी न लावता गाठ विरघळणार असेल, तर..." टण्ण. बाई तपासणी सोडून अंगारा लावू लागल्या. मी तिथेच उभा होतो.

सात आठवड्यांनी त्यांची सून उत्तरा, शाळेत विज्ञान शिकवणारी, पुढे आली.

"बुवा, आज मी विचारते."

"अगं पोरी, कौल मागायला अधिकार लागतो!"

"देवाला मराठी कळतं ना? मग झालं." ती मूर्तीकडे वळली. "महाराज, आईंनी ऑपरेशन ताबडतोब करायला हवं असेल, तर एक टोला."

लाइट आली. टण्ण!

गर्दी चपापली. बुवा म्हणाले, "परिस्थितीनुसार देवाचंही मत बदलतं."

उत्तराने गर्दीत मला शोधलं. "काका, मशीन तुम्ही केलंय. हे का वाजतं?"

'काय की' हे शब्द जिभेवर तयार होते. पण केशरबाई माझ्याकडे बघत होत्या.

"माझ्या चुकीमुळे," मी म्हणालो.

मेन स्विच पाच वेळा बंद-चालू केला. पाच टोले. "कोपले!" बुवा ओरडले. मी डबा उघडला. आतल्या चिपला वीज मिळाल्यावर जागं व्हायला क्षणभर लागतो. तोवर घंटेकडे जाणारी तिची पिन अधांतरी असते. तिला 'बंद राहा' सांगणारं कुणी नसतं, म्हणून हातोडा उडतो. त्या पिनेपासून ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, एक रेझिस्टर जोडला, की चिप उठेपर्यंत पिन गप्प राहते. घरून आणून जोडला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पुन्हा पाच वेळा स्विच. घंटा हलली नाही.

"एवढंच?" कुणीतरी म्हणालं.

"भाऊ," केशरबाईंनी विचारलं, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"माझ्या वेळीही?"

"हो."

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घालायला वळल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासाठी रिक्षा मी आणली. त्यांनी नको म्हटलं नाही, एवढंच. डॉक्टरांनी गाठ तपासून विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" "माझ्यामुळे," मी म्हणालो. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

म्हणून सांगतो. कुणी कौल दाखवला, तर एकदा उलटा प्रश्न विचारून बघा. तेच उत्तर आलं, तर उत्तर देणारं कुणी नाही. आजाराचं डॉक्टरला विचारा. आणि ज्याला कारण ठाऊक आहे, त्याने त्याच दिवशी बोलावं. मी सात आठवडे उशीर केला. तेवढ्यात गाठ दुप्पट झाली होती. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला; केशरबाईंची पहिली केमो सोमवारी आहे.