यावाता मारुची जागा

"दोर कुठे बांधायचा ते सांग सेइजी, नाहीतर तुझ्याच गळ्यात बांधतो," गोन्झो आपल्या होडीतून म्हणाला, आणि धक्क्यावरचे बाकीचे कोळी हसले.

सेइजी हसला नाही. उजाडल्यापासून त्याने धक्क्याच्या किती फेऱ्या मारल्या होत्या कोण जाणे. मच्छीमार संघाने त्याला कुझुरा बंदराचा कारभारी नेमलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, समुद्रावर जाण्यापेक्षा हे बरं, पाय तरी कोरडे राहतील. पाय कोरडे राहिले, पण डोकं काही थंड राहिलं नाही. कुणी कुणाच्या दारात जाळी वाळत घातली, शहरातून गळ टाकायला येणाऱ्या हौशी मंडळींनी कचरा कुठे फेकला, बर्फाच्या कारखान्याच्या घरघरीने कुणाच्या म्हातारीला झोप लागत नाही, धक्क्यावरच्या मांजरांना मासे घालायचे की नाही, सगळं त्याच्याच माथी. आणि आज तर वादळ येत होतं.

वर आभाळ निरभ्र होतं. पाणीही वरवर शांतच, पण खालून लांबलचक लाटा येत होत्या आणि धक्क्याच्या पोटात गुद्दे घालत होत्या. वादळ संध्याकाळपर्यंत सरळ कुझुरावर येणार, असं रेडिओ घोकत होता. अशा वेळी सगळ्या होड्या दगडी भिंतीच्या आत घ्यायच्या आणि एकमेकींना बांधून टाकायच्या, ही इथली रीत. अडचण एकच होती. आत एका होडीची जागा कमी पडे. उरलेली बाहेरच्या भिंतीला बांधावी लागे, आणि मोठ्या वादळात त्या भिंतीवरून पाणी आरपार जाई.

"गेल्या वर्षी माझी बाहेर राहिली," गोन्झो म्हणाला. "सुकाणू गेलं. मी बोललो का काही?"

"वर्षभर दुसरं काय बोलत होतास?" कुणीतरी म्हणालं.

"बरं, बोललो. पण माझी होडी म्हातारी, मीही म्हातारा. यंदा या पोराची बाहेर ठेवणार का?"

पोरगा म्हणजे शुनपेई. वसंतात बायकोला घेऊन ओसाकाहून इथे राहायला आला, तिच्या आजोबांचं बंद पडलेलं घर उघडलं, आणि नवीकोरी होडी पाण्यात घातली. साऱ्या बंदरात काळ्या केसांचा तेवढा एकच. बायकोचे दिवस भरत आले होते. कुझुरा बंदर चालू ठेवायचं की शेजारच्या मोठ्या बंदरात मिळवून टाकायचं, याचा वरच्या कचेरीत खल चालला होता, आणि तिथे दाखवायला सेइजीजवळ शुनपेई आणि त्याचं येऊ घातलेलं मूल याखेरीज काही नव्हतं. होडी फुटली तर शुनपेई शहरात परत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

"राहू दे काका," शुनपेई सेइजीला म्हणाला. "बांधतो मी बाहेर. दोर जाड आणलेत." हे बोलताना तो त्या जाड दोराचा सुटलेला पीळ उगाचच पुन्हा पुन्हा वळत होता.

आणि आतली सगळ्यात चांगली जागा, कोपऱ्यातली, जिथे पाणी वाटीतल्यासारखं हलतं, तिथे यावाता मारु उभी होती. सेइजीच्या थोरल्या भावाची, मासुओची लाकडी होडी. मासुओ दोन वर्षांपूर्वी इस्पितळात वारला. तेव्हापासून ती होडी जागची हललेली नव्हती.

"मेलेल्याची होडी उबेत आणि जित्याची वाऱ्यावर," गोन्झो म्हणाला. यावेळी कुणी हसलं नाही. "कारभारी घरचाच असला म्हणजे असंच व्हायचं. वहिनीचं मन मोडवत नसेल."

गोन्झो खरं बोलत होता, हे सेइजीला ठाऊक होतं. दोन वर्षं त्याने हा विषय टाळला होता. आज सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, वर्षश्राद्ध होऊ दे मग सांगू. तो वळला आणि चढणीच्या वाटेला लागला.

किनुए वहिनी अंगणात मासे सुकत घातलेल्या जाळीच्या चौकटी घाईघाईने आत घेत होती. सेइजीने दुसरं टोक धरलं. ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याचा डबा वर्षानुवर्षं तिने भरला होता.

"भावोजी, चहा घेणार, की नुसतेच घुटमळणार?"

"चहा नको."

"मग होडीचंच बोलायला आलात." तिने जाळी भिंतीला टेकवली. "सकाळी लाउडस्पीकरवर तुमचा आवाज कापत होता, तेव्हाच ओळखलं. दोन वर्षं झाली, बोला की एकदाचं."

"ती जागा शुनपेईला द्यायला हवी, वहिनी."

"द्या. मी कधी नाही म्हटलं?"

एवढं सोपं असेल असं सेइजीला वाटलं नव्हतं, आणि ते नव्हतंच.

"पण यावाता मारु बाहेर बांधणार तुम्ही," ती म्हणाली. "आणि तिच्यात माझे केस आहेत."

कुझुरात होडी बांधताना सुतार डोलकाठीच्या बुडाशी एक खोबण कोरतो. तिच्यात मालकाच्या बायकोच्या केसांची बट ठेवायची, कागदाच्या बाहुल्यांची जोडी आणि दोन फासे ठेवायचे, आणि वरून लाकूड ठोकून बंद करायचं. तो होडीचा जीव. तो असेपर्यंत होडी होडी असते, आणि दर्यावर गेलेल्या माणसाला घरी आणते. मासुओला तिने कैकदा आणलं होतं. इस्पितळातून आणणं तिच्या हातात नव्हतं.

"उद्या ती फुटली तर मीच फुटले म्हणायची," वहिनी म्हणाली. हे ती रडत सांगत नव्हती. भात करपला सांगावं तसं सांगत होती.

सेइजी जागच्या जागी दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होता. दुपार होत आली होती, आणि खाली शुनपेई बाहेरच्या भिंतीकडे दोर वाहून नेताना इथून दिसत होता.

"मग जीव काढून घेऊ," तो म्हणाला. "बांधणारा सुतार तर राहिला नाही, पण कारभाऱ्याला अधिकार आहे. मी काढतो. मग फुटलं तर नुसतं लाकूड फुटेल, वहिनी. तुमचं काही जायचं नाही."

"एकदा काढला की परत घालता येत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि वादळ आलंच नाही तर?"

"येणार. सकाळपासून रेडिओ सांगतोय. माझे गुडघे तर कालपासून सांगतायत."

"हेसुद्धा असंच छातीठोक बोलायचे," ती म्हणाली, आणि मासुओची आठवण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात क्षणभर हसून गेली. मग तिने कमरेचं फडकं सोडलं, तांदळाच्या दारूची, साकेची बाटली घेतली आणि त्याच्यापुढे चालू लागली.

बंदरात वारा सुटला होता. यावाता मारुवर ती दोघंच चढली. धक्क्यावरच्या लोकांनी टोप्या काढल्या; गोन्झोनेही काढली. वहिनीने होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर साके ओतली, हात जोडले आणि बाजूला झाली. सेइजीने डोलकाठीच्या बुडाशी पटाशी लावली. भाऊ या होडीवर तांडेल होता तेव्हा सेइजी याच फळीवर बसून जाळी निवडायचा. पहिला घाव बसेना, पटाशी नुसतीच सरकली. दुसऱ्या घावाला लाकूड उचललं गेलं.

बाहुल्या तपकिरी पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. केस मात्र जसेच्या तसे, लाल दोऱ्याने बांधलेले. त्याने ते दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवले.

वहिनी बघत राहिली. तिचं स्वतःचं डोकं पांढरंशुभ्र होतं.

"इतके काळे होते?" तिने विचारलं.

"होते," सेइजी म्हणाला. त्याला आठवत होतं.

तिने बट सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवली, आणि कुणाचा हात न धरता धक्क्यावर उतरली. "हलवा आता," ती म्हणाली आणि घरी गेली.

जीव गेलेल्या होडीत कुणी पाय ठेवत नाही. धक्क्यावरून दोरांनी ओढत ओढत त्यांनी यावाता मारु बाहेरच्या भिंतीला नेऊन बांधली. शुनपेईची होडी आतल्या कोपऱ्यात आली. तो वाकून वाकून सगळ्यांचे आभार मानत होता आणि कुणी त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं.

संध्याकाळी सेइजी रेडिओला कान लावून बसला. पाऊस आला, दारं वाजली, एका घराचा पत्रा उडाला. आणि मग रेडिओतला माणूस त्याच त्या घोटीव आवाजात म्हणाला, की वादळाने पूर्वेला वळण घेतलं आहे आणि ते खुल्या समुद्राकडे निघालं आहे. सेइजीच्या बायकोने हुश्श केलं. तो ताटावरून उठला. जेवणं आटोपेतो वारा पडलाही होता.

सकाळी समुद्र सारवल्यासारखा सपाट. धक्क्यावर सुटकेचा नुसता जल्लोष चालला होता. गाठी सोडता सोडता लोक एकमेकांच्या भित्रेपणाच्या नकला करत होते. सेइजी दिसला की मात्र नकला थांबत. बाहेरच्या भिंतीला यावाता मारु उभी होती. तिला एक ओरखडा नव्हता.

ही फुटली असती तर बरं झालं असतं, असं सेइजीच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की तो कचेरीत जाऊन पाणी प्यायला आणि परत आला.

गोन्झो त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. "सेइजी," तो म्हणाला, "काल मी जरा जास्तच बोललो."

"खरं तेच बोललास."

"म्हणून तर."

तेवढ्यात शुनपेई धावत आला. "काका, मी माझी होडी बाहेर काढतो. किनुए काकूंची परत आत घेऊ या. अजून काही बिघडलेलं नाही."

"कुणाची होडी?" सेइजी म्हणाला. "ती आता कुणाचीच नाही. बंदरात ठेवायची नसते ती."

तिला बर्फाच्या कारखान्यामागच्या वाळूवर न्यायची होती. भरतीला तिथे लावायची, आणि नंतर तोडायची. कुझुरातल्या सगळ्या जुन्या होड्या तिथेच संपल्या होत्या, पण दोरांनी ओढत एवढ्या लांब नेता येत नव्हतं. कुणीतरी चालवत न्यायला हवी होती. लोक आपापल्या दोरांच्या गाठींत फारच गुंतून गेले.

सेइजी भिंतीवरून खाली उतरला आणि त्याने होडीत पाय टाकला. लहानपणापासून जे करू नये म्हणून सांगितलं गेलं होतं, ते तो करत होता. मागोमाग शुनपेईने एक पाय आत टाकला.

"उतर."

"काका, मी असलं काही मानत नाही. एकट्याने सुकाणू आणि दोर कसे सांभाळाल?"

"तू मानू नकोस. उतर. तुझ्या घरी बाळ येणार आहे."

शुनपेई क्षणभर तसाच अधांतरी राहिला, मग त्याने पाय मागे घेतला.

दोन वर्षं पडून असूनही इंजिन एका झटक्यात सुरू झालं. सेइजीने भिंतीला वळसा घालून होडी कारखान्यामागे नेली. भरती पूर्ण चढली होती. वाळूवर कुणी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण किनुए वहिनी तिथे होती, तुमानी गुडघ्यांपर्यंत दुमडून पाण्यात उभी. त्याने दोर फेकला. तिने तो झेलला, खुंटाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली, उद्या पहाटे पुन्हा दर्यावर निघायचं असावं अशी घट्ट.

तो पाण्यात उतरून तिच्याजवळ आला. सांगायचं होतं ते त्याने रात्रभर मनात जुळवलं होतं.

"वहिनी, मी घाई केली. थांबायला हवं होतं. माझं चुकलं."

"पोराची होडी आत आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर." तिने हात पुसले. "त्याला सांगा, त्या कोपऱ्यातला उजवीकडचा खुंट सैल आहे. हे नेहमी डावीकडच्याला बांधायचे."

सेइजीने मान हलवली.

ती गेली नाही. तोही गेला नाही. बंदराकडून त्याला कुणीतरी हाका मारत होतं, मांजरांचं काहीतरी असावं. ओहोटी लागली. नाळेखालची वाळू उघडी पडली, मग मधलीही, आणि यावाता मारु हळूहळू एका कुशीवर कलू लागली. ती उभी राहावी म्हणून टेकू द्यायला लागणारे वासे तिथेच पडलेले होते. दोघांपैकी कुणीच ते उचलले नाहीत.